तेज आणि मेळ

नेरळच्या स्थानकावर दोन लोहमार्ग दिसतात: मुंबई-पुण्याचा १६७६ मिलिमीटर रुंद, माथेरानचा अवघा ६१०. मोठ्या मार्गावरील इंजिन कितीहि बलवान असलें, तरी माथेरानच्या रुळांवर तें चालणार नाहीं. संगणक घेतांना मला हाच दाखला उपयोगी पडला. १९९१ सालीं लिनस टोरवाल्ड्स यांनीं आरंभिलेली मुक्त लिनक्स प्रणाली विनामूल्य मिळते. परंतु संगणकाच्या एखाद्या भागासाठीं ड्रायव्हर नांवाची दुभाषी आज्ञावली तिच्यांत नसेल, तर तो भाग मुकाच राहतो. म्हणून वडिलांच्या घामाचा पैसा देण्यापूर्वीं मीं दुकानांतच पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून वाय-फाय, ध्वनि व पडदा पारखून घेतले. एका झगझगीत यंत्राचें वाय-फाय जागें होईना; तें सोडून साधें, पण सर्वांगीं जुळणारें यंत्र घेतलें. विद्यार्थिमित्रहो, वस्तूचें तेज पाहण्यापूर्वीं तिचा मेळ पाहावा.