खरेदी, पण कशाची?

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. ‘खरेदी’ आणि ‘मालक’ हे शब्द दोन्हीकडे आहेत. पैसे मोजले की वस्तू आपली, हा समजही एकच. पालीतल्या पोराने बीडहून बॅट आणली, तर उद्या दुकान बंद पडलं तरी बॅट त्याचीच.

मोबाइलवरच्या खेळात तसं नसतं. वापरणाऱ्यांची माहिती देशाबाहेर जाते, अशा तक्रारींवरून केंद्र सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी ११८ अ‍ॅपवर बंदी घातली. त्यात पबजी मोबाइलही होतं. ३० ऑक्टोबरला ते इथे पुरतं बंद झालं आणि पोरांनी पैसे भरून घेतलेले पोशाख, बंदुकांचे रंग आतच राहिले. पुढच्या वर्षी खेळ नव्या नावाने आला, जुना माल त्यात नेता आला. पण कंपनीने मुभा दिली म्हणून, तिने ठरवलेल्या मुदतीत. मालकाला अशी मुभा मागावी लागत नाही.

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून, कंपनी परत काढून घेऊ शकेल अशा डिजिटल मालावर, हा फक्त वापराचा परवाना आहे हे स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘खरेदी’ लिहिता येत नाही. आपल्याकडेही बटणावर खरा शब्द हवा. तोवर पोरगं पैसे मागेल तेव्हा एवढंच सांगा: बाळा, हे भाडं आहे. आणि भाड्यात तुझी माहितीही जाते.