पाठीवरचा हात

लहानपणी आजी ‘पाठ कर’ म्हणाली की क्षणभर थांबावं लागे. तिच्या हातात तेलाची वाटी असेल तर पालथं व्हायचं, दिवेलागण झालेली असेल तर पाढे म्हणायचे. थंडीच्या दिवसांत दोन्ही एकदमच चाले. चटईवर मी पालथा पडलेला, तिचा खरबरीत तळवा मणक्यालगत वर-खाली फिरतोय आणि मी ‘तेरा साती’शी अडखळतोय. अडखळलो की तळवाही थांबायचा. आकडा आठवला की पुन्हा फिरू लागायचा. मराठीतले हे दोन ‘पाठ’ मुळात एक नव्हेत. एक ‘पृष्ठ’वरून आलेला, दुसरा ‘पठ्’ धातूचा. पण माझ्या अंगाला हा भेद कधी कळला नाही. जे पाठ झालं, ते पाठीतूनच आत गेलं असं मला आजही वाटतं.

पाढे संपले की गोष्ट. ती पुष्कळदा पानशेतच्या पुराची असे. १२ जुलै १९६१, धरण फुटलं तो दिवस. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. वाहून गेलेले पाट, धान्याच्या कोठीत भरलेला गाळ, गच्चीवरून ऐकू आलेल्या हाका, हे सगळं ती हलक्या आवाजात सांगे. पाणी ओसरल्यावर भिंतीवर उरलेली चिखलाची रेघ कुठवर होती, ते दाखवायला तेलाचं बोट माझ्या पाठीवर आडवं ओढे आणि म्हणे, “इथवर.” मला मग झोप येत नसे. आई कळवळून म्हणायची, “आई, पोराला कशाला सांगता हे?” आजी उत्तर देत नसे. तिचा हात फिरत राही.

आईचा तो प्रश्न माझ्यापाशी बरीच वर्षं राहिला. त्याला नीट भिडणारं काही सापडलं ते मुलीच्या दप्तरातल्या एका पुस्तकात: लोइस लोरी या अमेरिकन लेखिकेची ‘द गिव्हर’. किशोरांसाठीची ही विज्ञानकादंबरी १९९३ साली आली आणि १९९४ साली तिला न्यूबेरी पदक मिळालं. मुलीला उद्या परत करायचं होतं, म्हणून मी रात्री नुसतं चाळायला घेतलं. पहाटे दूधवाला आला तेव्हा शेवटचं पान माझ्या हातात होतं.

या कादंबरीतल्या वस्तीत ‘सारखेपणा’ हा जगण्याचा पाया आहे. ऊन, पाऊस, बर्फ नको म्हणून हवामान बांधून घातलेलं. मालवाहतुकीला अडचण नको म्हणून टेकड्या सपाट केलेल्या. माणसांना रंग दिसत नाहीत. अर्ज केला की घराला एक मुलगा आणि एक मुलगी मिळते, त्याहून अधिक नाही. दर डिसेंबरात समारंभ होतो आणि बाराव्या वर्षी ज्येष्ठ मंडळी प्रत्येकाचं काम ठरवून देतात. कथानायक जोनसच्या थट्टेखोर मित्राला, ॲशरला, खेळांच्या विभागात काम मिळतं. शांत स्वभावाच्या फिओनाला म्हाताऱ्यांच्या सेवेचं मिळतं. जोनसचं नाव मात्र पुकारायचंच वगळतात. सगळं सभागृह अस्वस्थ होतं. मग कळतं, त्याची नेमणूक झालेली नाही, निवड झालेली आहे. वस्तीने टाकून दिलेल्या साऱ्या आठवणी एकट्याने सांभाळायच्या, हे त्याचं काम.

हे काम सध्या एका वृद्धाकडे आहे. जोनस अंगरखा काढून पलंगावर पालथा होतो आणि तो म्हातारा आपले दोन्ही तळवे त्याच्या उघड्या पाठीवर ठेवतो. या ओळींशी मी थबकलो. लोरींना मराठी येत नाही, आमच्या घरची चटई त्यांना ठाऊक असायचं कारण नाही, तरी आठवण देण्यासाठी त्यांना पाठच सापडली होती. डोकं नाही, कान नाही. पाठ: माणसाला स्वतःची कधी न दिसणारी, आणि म्हणून दुसऱ्यावर विश्वास टाकूनच उघडी करता येणारी जागा.

पहिली आठवण असते बर्फाची. जोनसने बर्फ पाहिलेलं नाही, टेकडी पाहिलेली नाही. तळव्यांतून गारवा येतो, मग उतार, मग घसरगाडीचा वेग. त्याला इतका आनंद कधी झालेला नसतो. पाठोपाठ उन्हाचा चटका येतो. सफरचंदात आणि फिओनाच्या केसांत क्षणभर काहीतरी बदललं होतं, त्याचं नाव ‘लाल’ हे त्याला कळतं. पुढे त्याच घसरगाडीवरून पडून पाय मोडल्याची वेदना येते. आणि एके दिवशी युद्ध येतं: धुराने भरलेल्या मैदानात जखमी होऊन पडलेला, पाणी मागणारा एक पोरगा. त्या आठवणीनंतर म्हातारा त्याच्याकडे पाहू शकत नाही, क्षमा मागतो.

हे सगळं सांभाळायचं कशाला, असं जोनस विचारतो. म्हातारा एक प्रसंग सांगतो. वस्तीतल्या लोकांनी एकदा मागणी केली होती की, जन्मदात्या बायकांना तीनऐवजी चार मुलं होऊ द्या, कामाला हात वाढतील. ज्येष्ठांच्या समितीने म्हाताऱ्याला विचारलं. त्याच्या मनात उपासमारीची आठवण जागी झाली आणि त्याने नको म्हणून सांगितलं. समितीला सल्ला मिळाला, भुकेची कळ मात्र म्हाताऱ्याने एकट्याने सोसली. शहाणपण सगळ्यांना हवं असतं. ते ज्या दुखण्यातून येतं, ते कुणाच्या तरी एकाच्या पाठीवर लादलेलं असतं.

विद्या दिल्याने वाढते, असं आपण म्हणतो. इथे आठवण दिली की देणाऱ्याकडून ती जाते. बर्फातली ती घसरण जोनसकडे गेल्यावर म्हाताऱ्याकडे उरत नाही. वेदना दिली तर देणारा हलका होतो आणि आनंद दिला तर रिता. तरीही तो आपली सर्वांत आवडती आठवण जोनसला देतो: नाताळची रात्र, शेगडीची ऊब, आजी-आजोबा, नातवंडं. जोनसला ‘आजी-आजोबा’ हे नातंच माहीत नाही, कारण वस्तीत मुलं मोठी झाली की आईबापांशी संबंध उरत नाही. त्या खोलीत भरून राहिलेल्या भावनेचं नाव तो विचारतो. म्हातारा सांगतो: प्रेम.

घरी येऊन जोनस आईबाबांना विचारतो, तुम्ही माझ्यावर प्रेम करता का? दोघं हसतात. नेमकं बोल, म्हणतात. हा शब्द इतका सैल आहे की आता त्याला अर्थच राहिलेला नाही, अशी समजूत घालतात. ही वस्ती शब्दांची फार काटेकोर. कादंबरीच्या पहिल्या पानावर जोनस स्वतःच शब्द निवडतोय, आपण घाबरलोय की आपल्याला धास्ती वाटतेय? लहानगा ॲशर एक शब्द चुकायचा. प्रत्येक चुकीला छडी मिळत गेली, आणि अखेर तो काही काळ बोलायचाच थांबला. पण याच वस्तीत माणसाला मारण्याला ‘मुक्त करणं’ म्हणतात आणि ते कुणालाच खुपत नाही. भाषा इतकी घासूनपुसून ठेवली की तिच्यात रक्त उरलं नाही.

जोनसचे बाबा हे मला या कादंबरीतलं सर्वांत अस्वस्थ करणारं पात्र वाटतं. ते तान्ह्या बाळांची निगा राखतात. गेब्रिएल नावाचं एक बाळ रात्री झोपत नाही, नीट वाढत नाही, म्हणून ते त्याला रोज घरी आणतात. नावाने हाक मारली तर बरं वाटेल, म्हणून नियम मोडून त्याचं नाव यादीत बघून ठेवतात. असा माणूस. एका सकाळी जुळी जन्मतात. दोन सारखी माणसं वस्तीत चालत नाहीत, म्हणून वजन करून जो हलका भरतो त्याला बाबा बाजूला घेतात, कपाळावरच्या शिरेत सुई टोचतात आणि निपचित झालेलं बाळ खोक्यात घालून भिंतीतल्या नळकांड्यातून सोडून देतात. गेब्रिएलशी बोलतात त्याच लाडिक आवाजात त्याचा निरोप घेतात. जोनस हे पडद्यावर बघत असतो. बाबा दुष्ट नाहीत. आपण काय केलं, ते त्यांना माहीतच नाही. मेलेल्या माणसासाठी कुणी रडल्याची एकही आठवण त्यांच्या पाठीला कधी लागलेली नाही.

गेब्रिएल जोनसच्याच खोलीत झोपतो. एका रात्री तो किरकिरतो, जोनस त्याची पाठ थोपटत असतो आणि मनात एका तळ्यावरच्या नावेची आठवण असते. ती हळूहळू पुसट होतेय, हातातून निसटून बाळाकडे चाललीय, हे त्याच्या लक्षात येतं. बाळ शांत होतं. मराठीत आपल्यानंतर जन्मलेल्याला ‘पाठचा भाऊ’ म्हणतात. एक मुलगा मिळालेल्या घरात पाठचा भाऊ असूच शकत नाही, पण त्या रात्री जोनसला तो मिळतो. पुढे गेब्रिएललाही ‘मुक्त’ करायचं ठरतं, तेव्हा जोनस बाबांची सायकल काढतो, बाळाला मागच्या आसनावर बांधतो आणि अंधारात वस्तीची सीमा ओलांडतो. जोनस दूर गेला की त्याच्याजवळच्या आठवणी माघारी येऊन वस्तीतल्या प्रत्येकावर कोसळणार आहेत. म्हणून म्हातारा मागे थांबतो, लोकांना त्या सोसायला शिकवण्यासाठी. दहा वर्षांपूर्वी त्याचं काम शिकायला आलेल्या मुलीला ते दुःख झेपलं नव्हतं. पाच आठवड्यांतच तिने स्वतःहून मुक्ती मागितली. रोझमेरी. ती त्याची मुलगी होती.

लोरींनी न्यूबेरीच्या भाषणात या गोष्टीला येऊन मिळालेले प्रवाह सांगितले आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर वडील लष्करात असताना त्या अकरा वर्षांच्या होत्या आणि तोक्योत अमेरिकनांच्या कुंपणबंद वसाहतीत राहत होत्या. आतलं सगळं ओळखीचं, सुरक्षित. त्या सायकल घेऊन फाटकाबाहेर शिबुयाच्या गर्दीत जायच्या. पुढे वार्धक्यात वडिलांची स्मृती गेली. थोरली मुलगी, म्हणजे लोरींची बहीण हेलन, तरुणपणीच कॅन्सरने वारली होती, तेही त्यांना आठवेना. ते तिच्याबद्दल विचारत, लोरी सांगत, ते पुन्हा विसरत. दुःख असं पुसून टाकता आलं तर किती सोयीचं, हा विचार तिथून निघाला. मूळ मुखपृष्ठावरच्या दाढीवाल्या वृद्धाचं छायाचित्रही लोरींनीच काढलेलं. ते चित्रकार कार्ल नेल्सन. रंगांवर जन्म काढलेला तो माणूस पुढे आंधळा झाला. बेरंग वस्तीच्या गोष्टीला चेहरा मिळाला तो त्याचा.

अमेरिकेत १९९०च्या दशकात ज्या पुस्तकांवर सर्वाधिक आक्षेप घेतले गेले, त्यांत हे एक आहे. मुलांना कशाला सांगता हे, असं तिथल्या आयाही म्हणाल्या. त्यांची कळकळ मला कळते. माझ्या आईचीही खरी होती. पण जोनसच्या बाबांच्या हातातली ती सुई वाचल्यापासून मी आजीच्या बाजूला आहे.

कादंबरीच्या शेवटी बर्फ पडतं, या वेळी खरं. भुकेने अर्धमेला जोनस बाळाला छातीशी धरून टेकडी चढतो, माथ्यावर घसरगाडी सापडते, खाली दिव्यांच्या खिडक्या दिसतात, गाणं ऐकू येतं. ते दोघं पोचले की नाही, हे त्या पानावर कळत नाही. २००४ साली आलेल्या ‘मेसेंजर’मध्ये आणि २०१२च्या ‘सन’मध्ये लोरींनी ते उलगडलं.

शेवटच्या दोन वर्षांत आजी पूर विसरली. मी आठवण काढली तर परक्याची गोष्ट ऐकावी तशी ऐकायची. तेव्हा मला वाईट वाटायचं. आता वाटतं, ती देऊन मोकळी झाली होती.

पुस्तक परत करायच्या सकाळी मुलीने विचारलं, “बाबा, पणजीच्या घरात पाणी कुठवर आलं होतं?” ती पाठमोरी बसून बुटाची नाडी बांधत होती. मी वाकून तिच्या पाठीवर बोटाने आडवी रेघ ओढली. म्हटलं, “इथवर.”