अर्जावरील सही
सांगलीस महाविद्यालयांत असतांना मीं एका अर्जावर सही केली होती. फुटबॉलच्या संघास शिकविणाऱ्या सरांना त्या कामावरून दूर करावें, अशी त्यांत प्राचार्यांस विनंति होती.

मी खेळाडू नव्हतों. नुसता प्रेक्षक होतों. परंतु पराभवाची लाज खेळाडूंपेक्षां प्रेक्षकांसच अधिक वाटते, असा माझा अनुभव आहे. खेळणारे अंग धुऊन झोंपी जात. आम्ही मात्र वसतिगृहाच्या कट्ट्यावर बसून हरलेला सामना मध्यरात्रीपर्यंत पुन्हां खेळत असूं, आणि तेथें तो दर वेळीं जिंकीत असूं!

त्या वर्षीं सामने साताऱ्यास होते. आम्ही मोठ्या हौसेनें गेलों आणि आमच्या संघावर पांच गोल झाले. परततांना गाडी कऱ्हाडास थांबली. चहा घेतांना कोणीसें म्हणालें, “या मास्तरांना घालविल्याखेरीज कांहीं खरें नाहीं.” अर्ज तेथेंच तयार झाला. कागद माझ्या वहीचा होता आणि अक्षरहि माझेंच.

सरांचे अपराध तरी कोणते? त्यांनीं पहिल्या वर्षाचीं कोवळीं मुलें संघांत घेतलीं होतीं. शिवाय सामना चालू असतांना ते ओरडत नसत. हा दुसरा अपराध आम्हांला फारच मोठा वाटे. आमचा घसा फुटत असतां हे गृहस्थ हाताची घडी घालून उभे!

कऱ्हाड आणि सांगली हीं दोन नांवें एकत्र आलीं कीं मला आतां १९५२ सालचा जुलै आठवतो. आठवतो म्हणजे वाचलेला, कारण माझा जन्म त्यानंतरचा. सांगलींत जन्मलेले विजय हजारे तेव्हां इंग्लंडांत भारताच्या क्रिकेट-संघाचे कप्तान होते. भारताचा पहिला कसोटी-विजय त्यांच्याच नेतृत्वाखालीं मद्रासला मिळून सहा महिनेहि झाले नव्हते. पण जूनमध्यें लीड्सला दुसऱ्या डावांत एकहि धांव होण्यापूर्वीं चार गडी बाद झाले, आणि १९ जुलै रोजीं मँचेस्टरला सारा संघ एकाच दिवसांत दोनदां बाद झाला. ५८ धांवांत आणि ८२ धांवांत. पुढें चारच दिवसांनीं कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनीं हेलसिंकीस कुस्तींत कांस्यपदक मिळविलें. दोघेहि कृष्णाकांठचे, एकाच आठवड्यांत एकाच्या वांट्यास काय आलें आणि दुसऱ्याच्या काय!

लीड्सच्या त्याच सामन्यांत हजाऱ्यांनीं स्वतः ८९ आणि ५६ धांवा काढल्या होत्या. शून्यावर चार बाद हें मात्र सर्वांना पाठ असतें. पाकिस्तानविरुद्धच्या पुढच्या मालिकेंत कप्तानपद लाला अमरनाथांकडे गेलें. त्यांनीं मालिका जिंकली, आणि १९५३ च्या वेस्ट इंडीजच्या दौऱ्यासाठीं तें पुन्हां हजाऱ्यांकडे आलें. निवड करणाऱ्यांचा हिशेब आम्हां प्रेक्षकांच्या हिशेबाहून फार निराळा असतो असें नाहीं. खाशाबाहि १९४८ सालीं लंडनला सहावे आले होते. कऱ्हाडच्या त्या चहाच्या दुकानांत त्या निकालावर अर्ज लिहावयाचा असता, तर आमच्यापैकीं कोणाचा हात अडला असता?

अर्ज दिल्यानंतरच्या सोमवारीं सकाळीं मी मैदानावरून चाललों होतों. सर एकटेच फक्कीनें आंखणी करीत होते. मला पाहून थांबले.

“अक्षर चांगलें आहे तुझें,” ते म्हणाले.

मी कांहींच बोललों नाहीं. ओरडले असते तर बरें झालें असतें. त्यांनीं खिशांतून दोरी काढली आणि एक टोंक माझ्या हातीं दिलें.

“त्या खांबापाशीं धरून उभा राहा. एकट्याला रेघ सरळ येत नाहीं.”

वर्ष संपल्यावर ते गेले. नवे सर पुष्कळ ओरडत. साताऱ्यास आमच्यावर पुन्हां चार गोल झाले, तेव्हां कट्ट्यावर नव्या अर्जाची भाषा सुरू झाली. कागद मागावयास मुलें माझ्याच खोलीवर आलीं. वही मेजावर उघडीच होती. ती संपली आहे, असें मीं त्यांना सांगितलें.