शिझुओका : बोटाएवढ्या शॉकअपचं शहर

जपानला जायचं ठरलं की बहुतेक कुटुंबांचा कार्यक्रम सारखाच असतो. आधी तोक्यो, मग बुलेट ट्रेन, मग क्योतो आणि ओसाका. या वाटेवरच शिझुओका लागतं, पण सर्वात वेगवान ‘नोझोमी’ गाडी तिथे थांबतच नाही. तुमच्या घरात रिमोटच्या गाड्यांवर जीव टाकणारं कोणी असेल, मग ते आठ वर्षांचं असो की अडुसष्ट, तर क्योतोमधलं एखादं देऊळ कमी करा आणि एक दिवस इथे उतरा. इथे थांबणाऱ्या ‘हिकारी’ गाडीने तोक्योहून साधारण तासाभरात पोहोचता. उजव्या बाजूची खिडकी धरा. आभाळ मोकळं असेल तर फुजी पर्वत दिसतो.

देवळाच्या सुतारांपासून खेळण्यांपर्यंत

पहिला थांबा सेनगेन मंदिर. आज दिसणाऱ्या इमारतींचं बांधकाम 1804 मध्ये सुरू झालं आणि साठेक वर्षं चाललं. कामासाठी आलेले सुतार आणि लाखकाम करणारे कारागीर इथेच स्थिरावले, असं शहरातले लोक सांगतात. पुढे हाच हात फर्निचर आणि लाकडी खेळण्यांवर बसला.

1946 मध्ये इथे सुरू झालेली टामिया कंपनीही आधी लाकडाचाच व्यापार करायची. 1960 मध्ये तिने प्लास्टिकचं पहिलं मॉडेल आणलं, ‘यामातो’ युद्धनौकेचं. 1976 च्या पोर्शे 934 च्या मॉडेलसाठी तर कंपनीने खरी पोर्शे 911 विकत घेतली आणि आतलं समजून घ्यायला ती चक्क सुटी केली! त्याच मॉडेलवरून टामियाची पहिली रेडिओ कंट्रोल गाडी तयार झाली.

स्टेशनबाहेर पडलात की शहराची ही ओळख दिसू लागते. मॉडेलच्या किटमध्ये सुटे भाग जसे चौकटीत जोडलेले असतात, तशा चौकटीत बसवलेली टपालपेटी आणि टेलिफोन बूथ इथे उभे आहेत. मुलांचा फोटो इथे हवाच.

दोन बग्गी, एक फरक

1984 मध्ये टामियाने ‘ग्रासहॉपर’ आणि ‘हॉर्नेट’ अशा दोन बग्गी आणल्या. दोघींची ठेवण बरीचशी सारखी. पण ग्रासहॉपरला नुसत्या स्प्रिंगा, तर हॉर्नेटच्या मागच्या चाकांना तेल भरलेले शॉकअप. नुसती स्प्रिंग दाबली गेली की उसळतेच, म्हणून ग्रासहॉपर खड्ड्यावरून टुणटुणत जाते. शॉकअपमध्ये एक छिद्रं असलेला पिस्टन तेलातून वरखाली होतो. तेलाला त्या बारीक छिद्रांतून जायला वेळ लागतो आणि उसळी तिथेच जिरते. तुमच्या बाइकच्या शॉकअपचं कामही असंच चालतं. इथे तो फक्त बोटाएवढा असतो.

शॉकअप भरायचा कसा?

किट घेतलंत तर हे काम मुलांबरोबर बसून करा.

- पिस्टनचा दांडा पकडीने थेट धरू नका, मध्ये कापड घ्या. दांड्यावर चरा पडला की तेल गळणारच.
- रबरी रिंगला तेलाचं बोट लावा, मगच दांडा आत सरकवा.
- पिस्टन खाली ओढून नळी काठोकाठ भरा. मग पिस्टन अगदी हळू वरखाली करा आणि थांबा. बुडबुडे आपोआप वर येतात.
- झाकण लावताना थोडं तेल बाहेर सांडू द्या, म्हणजे आत हवा उरत नाही.
- डावा आणि उजवा शॉकअप एकत्र दाबून बघा. दोन्ही सारखेच जड लागायला हवेत.

घाई होते ती तिसऱ्या पायरीला. हवा राहिली तर शॉकअप दाबताना ‘चुळूक’ असा आवाज येतो आणि गाडी एका वळणावर ठीक, दुसऱ्यावर बेभरवशाची वागते. अशा वेळी मुलाच्या हातून गाडी काढून घेऊ नका. झाकण उघडा, पुन्हा भरू द्या.

गाडी तयार झाली की ती वीतभर उंचीवरून सोडा. एकदा दबून शांत उभी राहिली तर छान. उड्या मारत राहिली तर जास्त नंबरचं, म्हणजे घट्ट तेल घाला. खडबडीत जागेवर चाकं जमीन सोडत असतील तर तेल पातळ करून बघा. उन्हात तेल पातळ होतं, हे आपल्या मे महिन्यात विशेष लक्षात ठेवा. एका वेळी एकच बदल करा आणि वहीत लिहा, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही.

जाण्यापूर्वी

- दरवर्षी मे महिन्यात ‘ट्विन मेस्से’ इथे शिझुओका हॉबी शो भरतो. सर्वांसाठी खुले दिवस आणि नोंदणी आधी तपासा. टामियाच्या मुख्यालयातलं प्रदर्शन बघायचं असेल तर तिथल्या वेळाही बघून घ्या.
- जपानमध्ये वीज 100 व्होल्टची असते. तिथला चार्जर आपल्या 230 व्होल्टवर चालेल का, हे त्यावर वाचूनच घ्या.
- सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानात हातातल्या सामानातच ठेवाव्या लागतात.
- शाकाहारी असाल तर इथल्या प्रसिद्ध काळ्या रश्श्याच्या ओदेनपासून सावध, त्यावर माशाची पूड असते. इथला हिरवा चहा मात्र पोटभर प्या.

गाडी तर ऑनलाइनही मिळेल. पण आपल्याकडे खेळणं बिघडलं की बहुतेक वेळा माळ्यावर जातं. स्वतःच्या हाताने शॉकअप भरलेलं मूल, गाडी उड्या मारायला लागली की नवी मागत नाही. ते आधी तेलाची बाटली शोधतं.