पाच ठिपक्यांचा शब्द

आम्हां पाच भावंडांत वीरकरांची डिक्शनरी एकच. मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून, त्यामुळे जून आला की तिच्यावर हक्क सांगणारं आणखी कुणीतरी वाढायचं. पुठ्ठा सुटला तेव्हा आईनं जुन्या धोतराची पट्टी खळीनं चिकटवली होती.

अण्णांचा नियम होता : आधी वाक्यावरून अंदाज कर, तो वहीत लिही, मगच वीरकर उघड. पाहिलेल्या शब्दाशेजारी पेन्सिलीचा ठिपका द्यायचा. तीन ठिपके झाले की तो शब्द जेवताना वापरल्याशिवाय दुसरी भाकरी नाही. धाकट्यानं एकदा ताटाकडे बघून 'आमटी इज इनेव्हिटेबल' म्हटलं आणि आई सोडून सगळे हसलो.

रात्री नऊला आकाशवाणीच्या इंग्रजी बातम्या. रेडिओ कुणासाठी थांबत नाही, म्हणून आम्ही वाटणी केली होती : पहिली बातमी ताईनं पकडायची, दुसरी थोरल्यानं, असं. सकाळी दिल्लीहून मराठी बातम्या लागल्या की आमचा निकाल. 'बाय-इलेक्शन' म्हणजे विकतची निवडणूक, हा थोरल्याचा अंदाज. सकाळी कळलं, पोटनिवडणूक. अण्णा म्हणाले, ''अगदीच चुकला नाहीस.''

उच्चारांचं मात्र कुणी सांगणारं नव्हतं. पुस्तकात आम्ही 'कोलोनेल' वाचायचो. बातम्यांतला कर्नल हा वेगळाच कोणी अधिकारी वाटायचा.

पुढे 2000 साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं, आणि 2020 च्या टाळेबंदीत शाळाच फोनमध्ये शिरली. थोरल्याची नात बीबीसीचं 'सिक्स मिनिट इंग्लिश' लावून बसायची. खाली सगळा मजकूर छापलेला. तो वाचत ऐकायची आणि म्हणायची, ''आजोबा, समजलं.''

थोरल्यानं फोन गादीवर पालथा घातला. ''आधी ऐक. काय कळलं ते लिही. मग मजकूर बघ.'' ती कुरकुरली, पण आठवडाभरात तिनं त्यात स्वतःची भर घातली : तेच वाक्य आपल्या आवाजात रेकॉर्ड करायचं आणि मूळ वाक्याशेजारी लावून ऐकायचं. चुकलं की पुन्हा. तिला बघून थोरल्यानंही सत्तरीत आपला 'व्ही' आणि 'डब्ल्यू' वेगळा केला. ही सोय आम्हांला असती तर कर्नल इतकी वर्षं परका राहिला नसता.

एका रविवारी व्हिडिओ कॉलवर तिनं वीरकर उघडून दाखवली. 'नेव्हरदलेस'पाशी पाच ठिपके. ''कुणाचे हे?''

ताई म्हणाली, धाकट्याचे. धाकटा म्हणाला, थोरल्याचे. मी गप्प बसलो. तिच्या अॅपमध्ये कोण कुठे, किती वेळा चुकलं याची नोंद नावानिशी असते. वीरकरांनी पन्नास वर्षं कुणाचंच नाव सांगितलं नव्हतं.

मग तिनं पेन्सिल घेतली आणि मुकाट्यानं सहावा ठिपका दिला.