निमे वतन

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहिण्याचे काम माझ्याकडे आले ते काही अधिकारामुळे नव्हे. घरात मोडी वाचू शकणारा मी एकटाच उरलो होतो, एवढेच त्याचे कारण. महाराष्ट्राबाहेरच्या एका विद्यापीठात मराठी शिकवण्यात माझे आयुष्य गेले. मोडीही मी चाळिशीनंतर शिकलो, तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील मराठेशाहीचे कागद पाहण्याच्या निमित्ताने. दुसऱ्यांचे कागद वाचणाऱ्याने घरचे कागद वाचू नयेत हे बरे नव्हे, असे माझ्या काकांचे म्हणणे पडले, आणि त्यांनी एक लाकडी पेटी माझ्या स्वाधीन केली.

आमचे गाव प्रवरेच्या काठी, पूर्वीच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात. गावचे कुलकर्णपण आमच्याकडे होते. १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतने नाहीशी झाली, त्या वेळी मी जन्मलोही नव्हतो. पण वतन गेले तरी भाऊबंदकी जात नाही. आमच्या वाड्यासमोर, बोळाच्या पलीकडे, त्याच आडनावाचे आणि त्याच गोत्राचे एक घर आहे. त्या घराशी आमचे तीन पिढ्या जेवणखाण नव्हते. ‘खोटे वाटेकरी’ हा शब्द मी आजोबांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकला, की लहानपणी मला ते त्यांचे उपनावच वाटत असे.

पेटीतला सर्वांत मोलाचा कागद म्हणजे एका निवाड्याची नक्कल. इनामांच्या व वतनांच्या चौकशीचे दिवस आले, १८५२ चा अकरावा कायदा झाला, तेव्हा गावोगावच्या वतनदारांनी आपापल्या हक्कांचे कागद शोधून त्यांच्या नकला केल्या. त्यांपैकीच ही एक असावी. वर आकड्यांत सन ११७२. खाली आमच्या मूळ पुरुषाचे नाव, त्याच्यापुढे ‘बिन’ आणि बापाचे नाव. हा मुलगा वतनाचा धनी, असा मजकूर. काकांची सारी नोकरी महसूल खात्यात गेलेली. जुन्या कागदावरचा सन म्हणजे फसली, ही त्यांच्या हाताला लागलेली सवय. फसलीत ५९० मिळवून त्यांनी इसवी सन १७६२-६३ काढला होता आणि त्यावर नऊ पिढ्यांचा वंशवृक्ष उभा केला होता. बाप, मुलगा, नातू अशी सरळ रेघ. कोठे फाटा नाही, कोठे खंड नाही.

मला खटकली ती नकलेची अखेर. निवाडपत्र म्हटले की वादी-प्रतिवादींच्या तकरिरी, साक्षी, गोताचे मत आणि मग निर्णय, असा क्रम असतो. येथे वादीचे म्हणणे येते न येते तोच कागद संपतो. पुढचे पान हरवले असेल, असे आम्ही धरून चाललो होतो. पण नीट पाहिले तेव्हा दिसले की शेवटच्या ओळीखाली अर्धे पान कोरे आहे, आणि नक्कल पुरी झाल्याची खूण लेखकाने व्यवस्थित केली आहे. कागद फाटलेला नव्हता, तो थांबवलेला होता.

मूळ कागद असला तर पुण्याच्या पेशवे दफ्तरात असणार. १८१८ मध्ये पेशवाई गेल्यावर तिचे दफ्तर इंग्रजांच्या हाती आले. पुढे इनाम कमिशनने जमीनदारांकडचे आणि गावांकडचे कागद त्यात आणून घातले. रियासतकार सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात या संग्रहातून पंचेचाळीस खंड निवडून काढले. पण त्यांची दृष्टी राज्याच्या इतिहासाकडे होती, आणि आमच्या गावाने राज्याच्या इतिहासात काही केल्याचे ऐकिवात नाही. गावाचा इतिहास शोधणाऱ्याला छापील खंड सोडून रुमालांकडे वळावे लागते. रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा. तो सोडला की आधी धूळ उडते, मग वास येतो, आणि मग बोरूने लिहिलेल्या, हात न उचलता एकमेकांत गुंतवलेल्या अक्षरांच्या ओळी समोर येतात. आधी आडवी रेघ पानभर ओढायची आणि मग तिला अक्षरे टांगीत जायचे, ही मोडीची रीत. शब्द तुटत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. वाचणाऱ्याला अर्थ आधी ठाऊक असावा लागतो आणि अक्षर नंतर लागते. हेच तिचे संकट. आपल्याला हवा तो अर्थ तीत फार सहज दिसू लागतो.

तिसऱ्या खेपेला परगण्याच्या रुमालात तो निवाडा सापडला. मूळ कागदावर सन आकड्यांत नव्हता, अक्षरी होता: इसन्ने सबैन मया व अलफ. दोन, सत्तर, शंभर आणि हजार. म्हणजे ११७२ च. पण ही अरबी शब्दांत सन सांगण्याची रीत शुहूर सनाची आहे. शुहूर सन मृगापासून सुरू होतो, आणि त्यात ५९९ मिळवावे लागतात. म्हणजे कागद १७६२-६३ चा नव्हे, १७७१-७२ चा. आकडा तोच, अंतर नऊ वर्षांचे.

नऊ वर्षे म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळले नाही. ते नाशिकला कळले.

नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वह्या असतात, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक असते. पण त्या उघडण्याचा प्रसंग बहुधा घरात कोणी गेल्यावरच येतो. मी कोणतेही कृत्य न करता नुसते नाव विचारायला आलो, याचे उपाध्यायांना नवल वाटले. गाव आणि आडनाव सांगताच त्यांनी वही काढली. शके १६८९, सर्वजित नाम संवत्सर. संवत्सराचे नाव शकाशी जुळते, म्हणजे वर्षाची शंका नाही. इसवी सन १७६७-६८. नोंद चार ओळींची. आमच्या ‘मूळ पुरुषा’च्या बापाच्या अस्थी घेऊन त्याची बायको आली होती. तिचे नाव त्या नोंदीत स्पष्ट आहे. बरोबर चुलत दीर होता, आणि क्रिया त्या दिराने केली, कारण मृताला मुलगा नव्हता.

१७६७ मध्ये मुलगा नाही, आणि १७७१ मध्ये मुलगा वतन मागतो आहे. काकांच्या हिशेबाप्रमाणे निवाडा १७६२ चा धरला तर बापही जिवंत, मुलगाही जन्मलेला आणि सारे यथास्थित. नऊ वर्षांच्या त्या चुकीत एक दत्तविधान बुडून गेले होते.

पुण्यास परत येऊन निवाडा पुन्हा अक्षर अक्षर लावून वाचला. विधवेने आपल्या माहेरचा, भावाचा मुलगा मांडीवर घेतला. सरकारात नजर भरून दत्तकाला मान्यता मागितली. त्यावर चुलत दिराने फिर्याद केली: अस्थी मी नेल्या, पिंड मी दिला, तेव्हा वतन माझे. हा चुलत दीर म्हणजे बोळाच्या पलीकडच्या घराचा मूळ पुरुष. गोत बसले. पाटलाच्या नांगराची निशाणी, न्हाव्याचा आरसा, अशा खुणा करून गावाने साक्ष दिली. निर्णय असा झाला की दत्तक खरा; कुलकर्ण निमे निमे; आणि वडीलपणा, म्हणजे कागदावर आधी नाव आणि सभेत आधी विडा, तो मात्र चुलत दिराच्या घराकडे. ज्यांना आम्ही खोटे वाटेकरी म्हणत आलो त्यांचा वाटा खरा होता, आणि रक्ताचा विचार केला तर त्या घराण्याचे तेच होते. आमची नक्कल ‘हा मुलगा धनी’ या वाक्यावर थांबली होती. ते वाक्य खोटे नव्हते. ते निम्मे होते, इतकेच.

कागदपत्रांतून वंशाचा शोध घेणाऱ्याने एक गोष्ट आधी समजून घ्यावी, असे मला आता वाटते. कागद कशासाठी लिहिला गेला, यावर त्यात कोण सापडणार हे ठरते. वतनाचा कागद भांडणातून जन्मतो. ज्या पिढ्या सुखाने नांदल्या त्यांचा त्यात मागमूस नसतो, आणि वारस होणाऱ्या पुरुषापलीकडे कोणाच्या नावाची त्याला गरज नसते. आमच्या निवाड्यात त्या विधवेची तकरीर आहे, तिच्या बोलण्यातला ठामपणाही जाणवतो, पण तेथे ती ‘अमक्याची बायको’ आहे. तिचे नाव वहीत आहे, कारण पिंड देताना मेलेल्याचे आणि आलेल्याचे नाव लागते. मिथिलेच्या पंजी विवाहासाठी राखल्या गेल्या; कोणाशी सोयरीक चालेल हे ठरवायला आईकडच्या पिढ्या मोजाव्या लागतात, म्हणून तेथे मातृकुळांची आठवण राहिली. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ मध्ये भोसल्यांचे वंशचरित्र मराठीत कोरवले. तमिळ देशातल्या चोळांच्या देवळावर आपल्या कुळाची हकीगत आपल्या भाषेत कोरवणाऱ्या राजाला ती कोणाला तरी दाखवायची होती. ती ज्यांनी दगडात उतरवली त्यांची वंशावळ कोणी लिहिली नाही. आमच्या गावातही आरशाची निशाणी करणारा न्हावी त्या एका खुणेपुरताच कागदावर येतो. त्याची साक्ष घेऊन आमच्या घरात दोनशे वर्षे अन्न शिजले.

हे सगळे लिहिण्याचा अधिकार मला आहे की नाही, याबद्दल नाशिकलाच माझी परीक्षा झाली होती. जुनी नोंद पाहून झाल्यावर उपाध्यायांनी कोरे पान माझ्यापुढे केले आणि म्हणाले, “आता आपली नोंद लिहा. घरातली सगळी नावे घाला, बायकांचीही.” मी आईचे, पत्नीचे, मुलींचे नाव लिहिले. आजीपाशी येऊन हात थांबला. तिचे सासरचे नाव मला ठाऊक होते. माहेरचे ठाऊक नव्हते. १७६७ सालच्या एका बाईचे नाव शोधीत आलेल्या माणसाला, ज्या बाईने त्याला वाढवले तिचे पहिले नाव सांगता येत नव्हते. तेवढी जागा मी मोकळी ठेवली.

काकांना मी सारे कागद वाचून दाखवले. ते पुष्कळ वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “दत्तकाचे काही नाही रे. पण वडीलपणा त्यांच्याकडे होता, हे छापायचे?” मी म्हणालो की निवाडा छापायचा तर पुरा छापावा, नाही तर नक्कल करणाऱ्या त्या लेखकात आणि आपल्यात फरक काय उरला? “तो आपलाच कोणी तरी पूर्वज होता,” काका म्हणाले. हे खरेच होते, आणि त्याला मजजवळ उत्तर नव्हते. शेवटी त्यांनी एवढेच सांगितले की छापण्यापूर्वी हे समोरच्या घरी वाचून दाखव, त्यांनी पुस्तकातून वाचू नये.

मी गेलो. त्या घराच्या उंबऱ्याच्या आत मी कधी पाऊल टाकले नव्हते. तेथल्या आजी ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनी माझे नाव विचारले नाही. कोणाचा कोण हे त्यांना ठाऊक होते. मी वहीतली नोंद आधी वाचली आणि निवाडा नंतर. वडीलपणाच्या वाक्यापाशी मी जरा अडखळलो. त्यांनी त्याकडे लक्ष दिले नाही. त्या म्हणाल्या, “ते अस्थींचे पुन्हा वाच.” मी पुन्हा वाचले. चुलत दीर, भावजय, गोदावरीचा घाट.

“म्हणजे भांडण मागाहूनचे,” त्या म्हणाल्या. “आधी एकत्र गेले होते.”

कुलवृत्तांताचे हस्तलिखित आता पुरे होत आले आहे. वंशवृक्षातली सरळ रेघ मी मोडली आहे. तेथे त्या बाईचे नाव आहे, तिच्या एका बाजूला माहेरहून आलेला मुलगा, दुसऱ्या बाजूला अस्थी नेणारा दीर, आणि दोघांपासून निघालेली दोन घरे. काकांनी ते पान पाहिले आणि बाजूला ठेवले. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. मात्र परवा जाता जाता त्यांनी विचारले की आजीच्या माहेरचे नाव सापडले का. त्यांनाही ते आठवत नव्हते.