माझे चार गुण

आमच्या वरवट बकालमध्ये कोण गरीब आहे हे सांगायला कागद लागत नव्हता. किराणावाल्याला माहीत होतं, कारण तेल कोण पिपानं नेतं आणि कोण पाच रुपयांचं बाटलीत मागतं हे तो रोज बघायचा. मास्तरांना माहीत होतं. कापूस फुटला की कोणती पोट्टी हजेरीपटावरून गायब होतात, ते त्यांना तोंडपाठ होतं.

सरकारला मात्र कागद लागतो. त्यात काही वावगं नाही. हजारो गावांतल्या किराणावाल्यांना विचारत कोण फिरणार? फक्त त्या कागदावर काय विचारतात, त्यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

2002 च्या दारिद्र्यरेषेच्या सर्वेक्षणात तेरा प्रश्न होते. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण बावन्न. जितके गुण कमी तितकं घर गरीब. शाळेत आम्ही शिकत होतो त्याच्या बरोबर उलटं. मी तेव्हा आठवीत होतो, बहीण चौथीत. बाप मी तिसरीत असतानाच गेला होता. वावर नाही. माय दुसऱ्याच्या शेतात निंदण, वेचणी करायची.

फॉर्म भरणारे दोघं आमच्या ओसरीत बसले. माणसं वाईट नव्हती. जमीन? नाही. शून्य. घर मातीचं, एक गुण. संडास नाही, शून्य. बापाचा जुना रेडिओ खुंटीला होता, त्याचा एक. कपडे प्रत्येकी किती? मायनं बोटं मोजली, आमचे शाळेचे ड्रेसही धरले. दोन गुण. जेवण वर्षभर एक वेळ तरी पोटभर भेटते का? मायनं "भेटते" म्हटलं. दोन.

मग मुलांचा प्रश्न आला. तेराच्या तेरा प्रश्नांत पाच ते चौदा वर्षांच्या लेकरांबद्दल थेट विचारणारा हा एकच. शाळेत न जाता काम करत असेल तर शून्य. शाळेत जाऊन कामही करत असेल तर एक. शाळेत जातो आणि काम करत नाही, तर एकदम चार. मधलं काही नाही.

"मावशी, पोरगा कामाला जातो का?"

"नाही जात भाऊ. दोघंही शायेत जाते. मी नाही पाठवत कामाले." मायचा आवाज चढला होता. रविवारी मी तिच्यासंगं कापूस वेचायचो ते तिनं सांगितलं नाही. सांगायची तिला गरजच वाटली नसणार. रविवारी शाळा कुठं असते?

झाले चार गुण. मजुरी कोण करतं या प्रश्नात बायका आणि लेकरं मिळून असतील तर एक, एकट्या बायका असतील तर दोन. म्हणजे मी तिथंही एका गुणानं नडलो. कामासाठी गाव सोडून जात नाही, त्याचे तीन. मजुरीवर पोट, शून्य. घरात शिकलेलं मोठं माणूस नाही, शून्य. किराण्याची उधारी, शून्य. शेवटी विचारलं, सरकारकडून काय मदत पाहिजे? माय म्हणाली, "घर पाहिजे. पावसाळ्यात भित पडते." घर मागितल्याचे तीन गुण होते. नुसती मजुरी किंवा रेशनचं धान्य मागितलं असतं तर शून्य होता. घर मागणारा माणूस थोडा सुखवस्तू असावा असा काहीतरी हिशोब असेल.

एकूण अठरा.

गरीब किती निघू द्यायचे याचा आकडा त्या वेळी वरूनच बांधलेला होता. योजना आयोगाचा 1999-2000 चा जो अंदाज, त्याच्या फार वर जायचं नाही. त्यामुळं गुण मोजून झाल्यावर रेघ कुठंतरी ओढावीच लागायची. पुढं प्रकरण कोर्टात अडकलं, याद्या यायला काही वर्षं गेली. आल्या तेव्हा रेघ आमच्या खालीच थांबली होती. आमच्याच गल्लीतल्या एका घराचं नाव यादीत होतं. त्यांचा पोरगा माझ्याच वयाचा, ढोरं चारायचा. त्यांना घरकुल मिळालं. ते गरीब होतेच, त्यांचं नाव यायलाच पाहिजे होतं.

एक नातेवाईक मायला म्हणाले, "पोट्ट्याले ढोरामागं पाठवलं असतं तं नाव लागलं असतं." माय म्हणाली, "मंग आता काय करू, शायेतून काढून घराले भित बांधू?"

ज्या लेकराला शाळेत टिकवायला आई एक वेळ उपाशी राहते, तेच लेकरू कागदावर तिला वर ढकलतं. शाळेत जाणं ही घराची ऐपत धरली होती. ते घराच्या जिवावर चाललेलं असू शकतं, हे त्या फॉर्ममध्ये बसत नव्हतं.

पुढं मी शेगावात हिशोबाच्या कामाला लागलो आणि आकड्यांची खोड लागली. तेव्हा कळलं की मोठ्या हिशोबातही लेकरू वेगळं दिसत नाही. तेंडुलकर समितीच्या पद्धतीनं 2011-12 साली महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाची रेषा माणशी महिना 967 रुपये होती. माणशी म्हणजे दूध पिणारं बाळ आणि वखर हाकणारा गडी, दोघांचं डोकं सारखं. घरातला खर्च डोक्यांनी भागायचा, मग ताटात कोणाच्या काय पडलं ते घरातल्यांनी पाहावं. आणि पाण्याचं काय? पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात लेकरं खारं पाणी पिऊन वाढली, पण 2002 च्या तेरा प्रश्नांत पिण्याच्या पाण्याचा प्रश्नच नव्हता.

2011 च्या सामाजिक, आर्थिक व जात गणनेत गुणांची भानगड गेली. वंचितपणाचे सात निकष आले: एका खोलीचं कच्चं घर, भूमिहीन मजुरी, पंचवीस वर्षांवरचं साक्षर माणूस नसणं, असे. निकष आधीपेक्षा सरळ होते. पण त्या सातांत शाळेतल्या लेकराचा एकही नव्हता. चार गुण नकोत म्हणून लेकरूच काढून टाकलं, असं मी गमतीनं म्हणतो. कच्च्या घराची नोंद मात्र झाली, आणि त्यावरून प्रधानमंत्री आवास योजनेत 2019 साली मायला घर मिळालं. 1 लाख 20 हजार रुपये, हप्त्याहप्त्यानं. तोवर बहिणीचं लग्न होऊन गेलं होतं. दहावीनंतर तिचं शिक्षण थांबलं, त्या वर्षी पावसात मागची भिंत गेली होती आणि ती उभी करायला दोघींची मजुरी लागली.

बहीण आता सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. तिच्याकडं दंडाला गुंडाळायची कागदी पट्टी असते. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, साडेबारापर्यंत पिवळा, पुढं हिरवा. तिच्या रजिस्टरात स्लॅबच्या घरातलं लेकरूही लालात असतं, आणि कुडाच्या घरातलं हिरव्यात. पट्टीला घर दिसत नाही, नुसता दंड दिसतो.

मागच्या उन्हाळ्यात माय तिच्याकडं गेली होती. पट्टी हातात घेऊन उलटीपालटी केली, मग विचारलं, "किती वर्साच्या पोट्ट्याले लावते हे?"

"पाच वर्सालोक."

"अन् मंग पुढं?"

"पुढं घर मोजते माय," बहीण म्हणाली, आणि दारात उभ्या बाईच्या कडेवरचं लेकरू घ्यायला उठली.